दुसऱ्या बोलीचा माणूस

मागचे दोन भाग तोफखान्यावर झाले. आजचा विषय तळहातावर मावेल एवढा आहे. खेळण्यातल्या आगगाड्या, आणि त्यांचा संगणकावरचा लिलाव. हसू नका. या छोट्या इंजिनांच्या मागे आयात धोरण आहे, अर्थशास्त्रातलं नोबेल आहे आणि आमच्या जुनवानीतलं एक घरही आहे. सुरुवात त्या घरापासूनच करतो.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान मला नोकरीत आठ वर्षांनी ज्येष्ठ. निवृत्तीनंतर योगायोगाने आम्ही दोघेही भिलाईत स्थायिक झालो, घरं दोन किलोमीटरवर. साहेब जाऊन चार महिने झाले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी मुलीकडे पुण्याला जातेय. घर विकलंय. ह्यांच्या गाड्यांचं काय करायचं ते तुम्ही येऊन सांगा. कबाडी येऊन गेला, तो किलोने मागतोय."

साहेबांना गाड्यांचा नाद आहे हे मला ठाऊक होतं, पण त्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. गेलो तेव्हा दिवाणावर चादर अंथरून सगळं मांडलेलं होतं. २३ इंजिनं, साठेक डबे, रुळांचे दोन खोके आणि एक कापडी बांधणीची वही. वहीत प्रत्येक खरेदीची तारीख, किंमत, टपालखर्च आणि एक रकाना 'कमाल' असा. त्या रकान्याकडे मी नंतर येतो.

माझी सगळी नोकरी ऑर्डनन्स कोअरमध्ये गेली. म्हणजे गोळ्या झाडण्यापेक्षा गोळ्या मोजण्यात. निकामी मालाची बोर्डं भरवायची, 'दुरुस्तीपलीकडे' असा शेरा मारायचा, मग त्या मालाचा लिलाव करायचा. त्या लिलावात मी एक गोष्ट शिकलो, ती पुस्तकात नव्हती. मैदानात वीस ठेकेदार उभे असोत, ते आदल्या रात्री एकत्र जेवले असतील तर ट्रकचा भाव टायरच्या भावाला जातो. बोली एकच येते, बाकीचे आकाशाकडे बघतात. म्हणून राखीव किंमत ठेवावी लागते. पुढे सरकारी भंगाराचे लिलाव एमएसटीसीमार्फत संगणकावर गेले आणि ठेकेदारांना एकमेकांची तोंडं दिसेनाशी झाली, याचा आनंद मला फार झाला होता. पण मूळ सूत्र बदललं नाही. लिलावात किंमत पहिला माणूस ठरवत नाही, दुसरा ठरवतो. हा दुसरा माणूस आज आपल्याबरोबर शेवटपर्यंत राहणार आहे.

आता या गाड्या हिंदुस्थानात आल्या कशा, ते पाहू.

आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध खेळण्यातली गाडी मराठी घराण्याचीच आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात माधवराव शिंद्यांची चांदीची गाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीकडून ती करून घेतली. जेवणाच्या लांबलचक मेजावर रूळ, त्यावरून ही गाडी सिगार आणि मद्याच्या सुरया घेऊन पाहुण्यांपुढून फिरते. डब्यांवर 'सिंदिया' हे नाव इंग्रजी अक्षरांत, एका डब्यावर एक अक्षर. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, ठेवली की चालू लागते. महाराजांना आगगाड्यांचं वेडच होतं. त्यांच्याच काळात ग्वाल्हेर संस्थानाची खरी दोन फुटी रेल्वेही पसरली आणि तिची श्योपूरची शाखा जवळजवळ २०० किलोमीटर लांब गेली. तर हा झाला पहिला प्रकार. राजाने फर्मावलं आणि कारागिराने केलं. इथे बोली नाही, भावही नाही.

दुसरा प्रकार मध्यमवर्गाचा. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली भोकं पाडलेल्या पट्ट्यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. त्याचंच पुढे मेकॅनो झालं. १९२० साली त्याच्या कारखान्यातून चावीची आगगाडी बाहेर पडली. रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर, तिला 'ओ' गेज म्हणतात. १९३८ साली त्याहून निम्मी, विजेवर चालणारी 'हॉर्नबी डब्लो' आली. साहेबांचे वडील बंगाल-नागपूर रेल्वेत होते. त्यांनी कलकत्त्याहून मुलासाठी चावीची हॉर्नबी आणली होती आणि ती हिरवी, धुराडं चेपलेली गाडी दिवाणावरच्या माळेत पहिलीच होती.

स्वातंत्र्यानंतर हा रस्ता बंद झाला. परकीय चलन कमी होतं आणि ते पोलाद कारखान्यांसाठी हवं होतं, खेळण्यांसाठी नव्हे. त्यात काही चूक झालं असं मी म्हणणार नाही. ज्या गावात मी बसून बोलतोय, ते गावच त्या चलनावर उभं आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ साली पहिली धमनभट्टी पेटली आणि १९६० पासून इथे रूळ लाटले जाऊ लागले. देशभर ज्या रुळांवरून गाड्या धावतात ते मुख्यतः भिलाईचे. आणि त्याच भिलाईत एक निवृत्त फौजी १६.५ मिलिमीटरचे रूळ विलायतेहून मागवत होता. साहेब यावर स्वतःच हसायचे.

जाता जाता या १६.५चा हिशेब सांगतो. जगात सर्वांत जास्त चालणारं मॉडेलचं प्रमाण एचओ, म्हणजे ८७ला १. परदेशातली प्रमाण रुंदी १४३५ मिलिमीटर, तिला ८७ने भागलं की १६.५ येतात. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याला भागलं तर १९ च्या वर जातं. म्हणजे आपली गाडी त्या तयार रुळांवर बसवली की ती नेमस्त दिसते, अंग चोरून चालल्यासारखी. भारतीय गाड्यांची मॉडेल्स तयार मिळत नव्हती, त्यामुळे अमेरिकन अल्को कंपनीच्या इंजिनाचं मॉडेल घ्यायचं, त्याला कापायचं, रंगवायचं आणि आपलं डब्ल्यूडीएम-२ म्हणायचं, असा उद्योग हौशी लोक करतात. तेही बरोबरच आहे, कारण मूळ डब्ल्यूडीएम-२ अल्कोच्याच आराखड्यावरचं.

बंदीच्या त्या काळातही हा छंद महाराष्ट्रात जगला, आणि त्याचं नाव भाऊ जोशी. पुण्यात कोथरूडला त्यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी उघडलं. मी देहूरोडला असताना मुलांना घेऊन गेलो होतो. सिग्नल, झुलती गाडी, सर्कशीचा तंबू, अंधार करून लागणारे गावातले दिवे. मुलं गाड्या बघत होती आणि मी, ऑर्डनन्सचा माणूस, सुटे भाग यांनी कुठून आणले असतील याचा विचार करत होतो. पुष्कळसं घरीच केलेलं होतं, ते कळल्यावर मी टोपी काढली.

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे संख्येचे निर्बंध १ एप्रिल २००१ पर्यंत संपूर्ण उठले. साधारण त्याच सुमारास लिलाव संगणकावर आला. अमेरिकेत पिअर ओमिड्यार याने सप्टेंबर १९९५ मध्ये 'ऑक्शनवेब' सुरू केलं होतं. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. १९९७ साली त्याचं नाव ईबे झालं. आपल्याकडे २००० साली मुंबईत 'बाझी' सुरू झालं. २००४ साली ईबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरला घेतलं आणि ईबे इंडिया झालं. पैसे मधल्या मध्ये थांबवून माल पोचल्यावर विक्रेत्याला द्यायची 'पैसापे' सोय होती. अनोळखी माणसाकडून न पाहिलेली वस्तू घ्यायला आपला माणूस धजावला तो त्या सोयीमुळे.

आता लिलावाची रीत नीट समजून घ्या, कारण पुढची गोष्ट तिच्यावर आहे. समजा एक इंजिन २,०००ला मांडलंय. तुम्ही मनाशी ठरवता, ६,५००च्या वर जायचं नाही. तो आकडा तुम्ही टाकता, पण पडद्यावर तो दिसत नाही. यंत्र तुमच्या वतीने हळूहळू बोली चढवतं. दुसऱ्याची कमाल ३,१५० असेल तर तुम्हाला इंजिन ३,१५०च्या एक पायरी वर मिळतं. तुमचे ६,५०० गुलदस्त्यातच राहतात. म्हणजे जिंकणारा पहिला, पण भाव दुसऱ्याचा. टपाल तिकिटांचे विक्रेते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालाने आलेल्या बोल्यांवर हीच रीत वापरत होते. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली हिचं गणित मांडलं. आडनावच विक्री, मी काय करू! या रीतीत माणसाला आपली खरी किंमत सांगण्यातच फायदा असतो, असं त्यानं दाखवलं. १९९६ साली नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी तो वारला.

गणित काहीही म्हणो, माणसं तशी वागत नाहीत. ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, म्हणून पट्टीचे लोक शेवटच्या आठ-दहा सेकंदांत बोली टाकतात. आमच्या भाषेत घातपाती हल्ला. अ‍ॅमेझॉनने त्या काळात लिलाव चालवले, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढायची. रॉथ आणि ऑकेनफेल्स या दोघांनी दोन्हीकडचे लिलाव ताडून २००२ साली लिहिलं की ईबेवर शेवटच्या क्षणी फार बोल्या येतात, अ‍ॅमेझॉनवर कमी. म्हणजे दबा धरून बसायची सवय माणसाच्या स्वभावाइतकीच नियमातूनही येते. हे वाचून मला बरं वाटलं, कारण मीही तेच करत होतो.

होय, मीही. २०११ साली ईबे इंडियावर एक हॉर्नबी डब्लोचं 'डचेस ऑफ अथॉल' आलं. महायुद्धानंतरचं, तीन रुळी, मरून रंगाचं, मूळ खोक्यासह. मी रात्री साडेदहाला दबा धरून बसलो. शेवटच्या नऊ सेकंदांत ६,५०० टाकले. पडदा ताजा झाला आणि खाली ओळ आली, तुमच्याहून वरची बोली आहे. ६,६००ला गेलं. जिंकणाऱ्याचं नाव दोन अक्षरं आणि मध्ये फुल्या. मी त्या फुल्यांना दोन दिवस शिव्या घातल्या. कुणी मुंबईचा शेठ असेल असं मनाशी धरलं होतं.

ती डचेस दिवाणावर डावीकडून चौथी होती.

मी वही उघडली. तारीख तीच. किंमत ६,६००. कमाल रकान्यात १२,०००. त्या लिलावातली तिसरी बोली ३,१५० होती, ते मला चांगलं आठवत होतं. म्हणजे मी त्या रात्री गप्प झोपलो असतो, तर साहेबांना ते इंजिन सव्वातीन हजारांना मिळालं असतं. साडेतीन हजारांच्या आसपासचा भुर्दंड मी त्यांना लावला होता. आणि त्यांच्या कमाल आकड्याला मी जन्मात पोचलो नसतो. दोन किलोमीटरवर, एकाच गावात, एकाच दुकानातून भाजी घेणारे दोघे. वहिनींना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या रात्री ते एकटेच का हसत होते ते आत्ता कळलं. म्हणाले, कुणीतरी शेवटच्या घटकेला अंगावर आला होता."

मग कामाला लागलो. मोल ठरवायचं म्हणजे आधी तपासणी. जुन्या गाड्यांत पाहायचं काय, ते थोडक्यात सांगतो. पहिलं खोकं. मूळ खोकं असेल तर भाव कधी कधी दुप्पट होतो. नुसती रिकामी खोकीही विकली जातात, आणि म्हणून नकली खोकीही निघाली आहेत. दुसरं, धातू. महायुद्धापूर्वीचे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आतून कुजतात. त्यात शिशाचा अंश राहिला असेल तर कणाकणांच्या सांध्यांमधून गंज शिरतो, भाग फुगतो, तडकतो आणि एक दिवस बिस्किटासारखा तुटतो. इंग्रज लोक त्याला 'माझॅक रॉट' म्हणतात. दमट हवेत हे लवकर होतं. त्यावर औषध नाही. दोष ओततानाच शिरलेला असतो, दिसतो साठ-सत्तर वर्षांनी. तिसरं, वर्णनाची भाषा. 'चालवून पाहिलेलं नाही' असं लिहिलं असेल तर ते चालवून पाहिलेलं आहे आणि चाललेलं नाही असं समजा. फोटो एकाच बाजूचा असेल तर दुसरी बाजू वाईट आहे. चाकांचा फोटो नसेल तर चाकं गेलीत. हवाई छायाचित्रं वाचायला आम्हाला शिकवलं होतं, त्यात हेच असतं, जे दाखवलेलं नाही ते शोधायचं. एका परदेशी विक्रेत्याकडून मी स्वतः असं फसलो आहे. पार्सल उघडलं तर इंजिनाच्या पुढच्या भागाची राखाडी भुकटी पिशवीत.

२३ पैकी दोन कुजलेली निघाली. सात सुस्थितीत, मूळ खोक्यांसह. बाकीची चालणारी, पण रंग उडालेली. वहीप्रमाणे एकूण खर्च २ लाख ९० हजारांच्या पुढे.

आता विकायची कुठे? इथे इतिहास पुन्हा आडवा आला. एप्रिल २०१७ मध्ये ईबेने आपला भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टला दिला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे इंडिया बंद झालं. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हाची सक्ती आली. हेतू देशी कारखानदारीचा होता, आणि स्वस्त, घातक प्लास्टिक थांबवण्याचा. पण सीमाशुल्काच्या तक्त्यात ९५०३ या एकाच शीर्षकाखाली लहान मुलाची तिचाकी, बाहुली आणि प्रमाणबद्ध मॉडेल सगळं येतं. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं इंजिनही तिथे बाहुलीच. नव्या माणसाने छंदाला लागावं असं काही उरलं नाही. विलायतेत या मालाला गिऱ्हाईक आहे, पण तिकडेही खेळलेली पिढी वयाला आली, तिचे संग्रह बाजारात ओतले जात आहेत. मार्क्लिन ही जर्मन कंपनी १८५९ची, तीसुद्धा आपल्या दीडशेव्या वर्षी, २००९ मध्ये, दिवाळखोरीत गेली होती. पुढे सावरली. शिवाय भिलाईहून एकेक इंजिन तिकडे धाडायचं म्हणजे टपालखर्च आणि कागदपत्रं वस्तूवर चढतात.

एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला यादी पाठवली. त्याने सगळ्याचे मिळून १८,००० सांगितले. त्याला ठाऊक होतं, दुसरा कोणी नाही. मैदानातल्या ठेकेदारासारखा तोही निवांत होता.

आणि खरं सांगतो, दुसरा होता. मीच होतो. डचेस मला तेरा वर्षं हवी होती. वहिनी सरळ म्हणाल्या, "भाऊजी, ते तुम्ही घेऊन जा." पण निकामी मालाच्या बोर्डावर बसलेल्या अधिकाऱ्याने त्या लिलावात बोली लावायची नसते. मोल मी ठरवणार, घेणारही मीच, आणि समोर विचारायला कोणी नाही. मी किती लावले असते? ६,६०० लावले तर प्रामाणिक? की १२,०००, कारण साहेबांची किंमत ती होती? की ३,२५०, कारण मी नसतो तर भाव तेवढाच? तिन्ही आकड्यांना समर्थन देता येतं, म्हणूनच घ्यायची नाही असं ठरवलं. घरी बायको म्हणाली, "फार शिस्त दाखवू नका, एक इंजिन आहे." तिचंही चूक नाही.

मग साहेबांच्या वहीतून आणि माझ्या ओळखीतून पुणे, बंगळूर, कोलकाता, नागपूर इथल्या एकवीस हौशी लोकांचे पत्ते काढले. प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी फोटो, चाकांचे वेगळे, दोष आधी आणि गुण नंतर लिहिलेले. बंद बोली मागवल्या, भाव दुसऱ्या बोलीचा, आणि खाली राखीव किंमत. ज्यांच्यावर एकच बोली आली ती राखीव किमतीला गेली. अशी नऊ होती. सात महिने लागले. सगळे मिळून १ लाख ४६ हजार जमले, वहीतल्या खर्चाच्या निम्मे. वहिनींना मी आकडा सांगायला जरा कचरलो, पण त्यांनी वही मिटून ठेवली आणि म्हणाल्या, "बाकीचे त्यांनी खेळून वसूल केले."

डचेसवर तीन बोल्या आल्या. ती नागपूरच्या एका तरुण लोको पायलटकडे ९,१००ला गेली. त्याच्याकडे तीन रुळी मार्ग नव्हता, म्हणून रुळांचा एक खोका मी बरोबर टाकला, तो हिशेबात धरला नाही. पाठवताना इंजिन आणि टेंडर वेगवेगळे बांधायचे, मधला आकडा मोडतो. चाकांखाली कागद, वर पातळ कापड, मग खोकं, मग दुसरं खोकं, आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटं जागा. हे साहेबांच्याच वहीत शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं.

धुराडं चेपलेली हिरवी हॉर्नबी यादीत घातली नव्हती. ती वहिनींनी पुण्याला नेली, चावीसकट, पर्समध्ये.